खिळ्याचा खटला

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भांडणाशिवाय अन्न पचत नसे. पण ते भांडण हातघाईचं नव्हे बरं का. शिव्या देणं, काठी उगारणं हे त्यांच्या मते अडाण्यांचं काम. त्यांचं भांडण कागदावरचं असे, वर तिकीट लावलेलं आणि खाली वकिलाची सही असलेलं. शेजाऱ्यानं धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, चार बोटं इकडे सरकवला की आमच्या घरात सणाची लगबग सुरू होई. मामाजी धुवट धोतर नेसत, कोशाचा रेशमी फेटा बांधत आणि आमगावच्या स्टेशनावरून गाडी धरून गोंदियाला जात, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर पुढे भंडाऱ्याला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मामाजी चढत, आणि वर पोचल्यावर आणखी एखादी पायरी उरली आहे का ते शिपायाला विचारत.

अशा घरात मी सून म्हणून आले. मी शाळेत चार यत्ता शिकलेली, माहेरी तोंडाळ म्हणून गाजलेली. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की सासऱ्याशी बोलायचं नाही. म्हणजे भीतीनं वगैरे नाही, रीतच तशी. ते ओसरीवर असले तर आपण दाराआड. त्यांना काही विचारायचं असलं तर ते सासूबाईंना म्हणत, "तिले विचार." मी दोन हातांवर उभी, मला शब्द न् शब्द ऐकू येई, तरी सासूबाई माझ्याकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारत. मी उत्तर दिलं की ते मामाजींना ऐकू जाई, तरी सासूबाई ते पुन्हा सांगत, आणि सांगताना त्यातलं त्यांना नको ते गाळून टाकत. लग्नाला तीन-चार वर्षं झाली तरी माझा एक सबंध शब्द मामाजींपर्यंत पोचला असेल असं मला वाटत नाही.

लढाईचे दिवस होते. जर्मन कुठं, जपानी कुठं आणि आमगाव कुठं! पण बाजारातली साखर गेली, घासलेट गेलं, कापड गेलं. त्यातच मला पहिली मुलगी झाली, आणि बाळंतपणात जो ताप धरला त्यानं माझं दूधच आटलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. गाईचं दूध दिलं तर पोरगी ओकून टाके. शेळीचं दिलं तर जुलाब. सासूबाईंनी भाताची पेज पाजून पाहिली, ती तिच्या अंगी लागेना. दीड महिन्याचं लेकरू, चोखून चोखून थकायचं आणि माझ्या तोंडाकडे पाहायचं. ते पाहणं मला सहन व्हायचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडायची.

शेवटी आमच्या ह्यांनी तिला गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डब्याचं दूध द्या, विलायती भुकटी असते, उकळलेल्या पाण्यात कालवायची. सांगायला काय जातं! लढाईत तो डबा मिळतो कुठं? हे बिचारे सगळा बाजार पालथा घालून आले. अखेर एका शेठच्या दुकानात, गल्ल्याच्या खाली फडक्यात गुंडाळलेला एक डबा निघाला. शेठनं तो अशा तऱ्हेनं दिला की जणू ह्यांनी त्याचे उपकार घ्यायचे आणि कोणाला सांगायचं नाही. डब्यावर गोऱ्या, गुटगुटीत पोराचं चित्र होतं. ते पोर माझ्या पोरीच्या तिप्पट होतं.

दूध मात्र खरं. पहिल्या दिवशी पोरगी प्याली, ढेकर दिला आणि झोपली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, लेकरू हासून राहिलं वो!" मला वाटलं, चला, जगली पोरगी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भुकटीत चमचा घातला आणि काही तरी खट् वाजलं. पाहते तो भुकटीत खिळा! लोखंडी, बोटाच्या पेराएवढा, टोकाशी वाकलेला. खिळा बाजूला काढला, लुगड्याचं मऊ फडकं घेतलं, भुकटी त्यातून चाळायला बसले. दुसरं काही निघालं नाही. आता पाणी कालवणार, एवढ्यात आमचे हे आत आले, खिळा पाहिला आणि जे करू नये तेच केलं. ओसरीवर जाऊन वडिलांना सांगितलं.

झालं! मामाजींच्या चेहऱ्यावर असा उजेड मी नात झाली त्या दिवशीही पाहिला नव्हता. धुऱ्याची भांडणं करून करून त्यांना कंटाळा आला असावा. आता दावा कोणावर? गोंदियाच्या शेठवर! त्याच्यामागं कंपनी, कंपनीच्या मागं थेट विलायत! ते दाराशी येऊन सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, डब्याले हात लावू नको म्हणा. मुद्देमाल आहे तो."

मी आतून सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, खिळा ठेवा म्हणा मुद्देमाल. भुकटी चाळली हाय, पोरीले भूक लागली."

सासूबाई बाहेर वळून म्हणाल्या, "बोटाच्या पेराएवढा होता म्हणते."

मामाजींनी चाळलेली भुकटी परत डब्यात ओतवली. खिळाही परत डब्यात टाकवला, होता तसा. मग झाकण लावून त्याच्या भोवती लाख वितळवून ओतली, तीवर आपल्या अंगठीचा ठसा उठवला आणि डबा शेताच्या कागदांशेजारी लाकडी पेटीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली करदोड्याला. दोन दिवस पोटभर प्यालेली माझी पोरगी पुन्हा पेजेवर आली. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असं ऐकलं होतं. इथं आजोबा दुधाला पहारा देऊन बसला होता.

मी ह्यांना म्हटलं, "तुमची पोरगी हाय, जाऊन मागा डबा."

हे म्हणाले, "बाबा म्हणतात, केस मजबूत आहे."

"केस पेते का ती?"

हे उठून गाईला वैरण टाकायला गेले. वैरण टाकून झाली तरी गोठ्यातच थांबले.

मामाजींची पहिली फेरी पोलिसात. तिथला जमादार त्यांचा जुना गिऱ्हाईक, म्हणजे मामाजी त्याचे म्हणा. ओसरीवर परत आल्यावर त्यांनी सगळी हकीकत मोठ्यानं सांगितली, कारण शेजारचे दोघं म्हातारे रोज ऐकायला येऊन बसत, तेच त्यांचे पंच. जमादारानं पहिलाच प्रश्न केला, "कोणी मेलं का?"

मामाजी म्हणाले, "नाही."

"खिळा गिळला का कोणी?"

"नाही. चमच्यात आला."

"अरेरे," जमादार म्हणाला, "गिळला असता तं काही करता आलं असतं. चमच्यातला खिळा आमच्या दस्तंदाजीचा नाही. तुम्ही कोर्टात खाजगी फिर्याद लावा." आणि मग त्यानं विचारलं, खिळा पाहिला कोणी? मामाजी म्हणाले, सुनेनं. आणा तिला जबाबाला. मामाजी ताडकन उठले म्हणे. "आमच्या घरची सून चौकीत येत नाही!"

हे सांगताना मामाजींची छाती फुगली होती. पंचांनी माना डोलावल्या. मी दाराआड पोरगी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, वा रे इज्जत! सुनेनं चौकीत गेलं तर जाते, आणि नात भुकेनं वाळली तर वाढते.

दुसरी फेरी गोंदियाला, नगरपालिकेच्या तपासनीसाकडे. खाण्यापिण्याच्या भेसळीचा कायदा होता आणि तो पाहणारा हा साहेब होता. मामाजी डबा पेटीतून काढून, फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन रेल्वेनं गेले. साहेबानं विचारलं, डबा कुठं घेतला? गोंदियात. उघडला कुठं? आमगावात. साहेबानं हात झटकले. कायदा नगरपालिकेच्या हद्दीतला. आमगावात खिळा निघाला तर आम्ही काय करणार, तुमच्या गावाला तो कायदा लागूच नाही.

दुसरा कोणी असता तर घरी आला असता. पण आमचे मामाजी! त्यांनी म्हटलं, म्हणजे खिळा गोंदियाच्या हद्दीत निघायला पाहिजे, एवढंच ना? मग तिथल्या तिथं, साहेबाच्या टेबलावर, त्यांनी चाकूनं आपलीच लाख फोडली, झाकण काढलं, बोटं घालून खिळा वर काढला आणि म्हणाले, "पाहा साहेब, निघाला. आता तुमच्या हद्दीत निघाला."

हे सांगताना ते स्वतःवर इतके खूश होते की मी दाराआड असूनही मला हसू आवरेना. पोरगी उपाशी आणि मी हसत होते. रडायचं ते रडून झालं होतं.

साहेब काही हसला नाही. तो म्हणाला, लाख तुमची, ठसा तुमच्या अंगठीचा, खिळा टाकला कोणी ते आम्हाला काय ठाऊक? नमुना घ्यायचा तर तो दुकानातून, बंद डब्याचा, आम्ही स्वतः घ्यायचा, सील करायचा आणि नागपूरला तपासायला पाठवायचा. मामाजी म्हणाले, दुकानात तर आता दुसरा डबा नाही. साहेब म्हणाला, मग नमुना नाही. आणि बंद डब्यातला खिळा बाहेरून दिसतो का, असं मामाजींनी विचारलं तेव्हा साहेबानं त्यांना पाणी पाजलं आणि वाटेला लावलं.

म्हणजे बघा. उघडलेला डबा पुरावा नाही, कारण तो उघडला. बंद डब्यात खिळा आहे हे कळत नाही, कारण तो बंद. कायदा करणाऱ्याच्या घरी दूधपितं लेकरू नसावं, किंवा असलं तरी त्याला बहुतेक आयाच पाजत असेल.

मामाजींनी घरी येऊन पुन्हा खिळा आत टाकला, पुन्हा लाख, पुन्हा ठसा. मी दाराशी गेले आणि सासूबाईंना म्हटलं, अगदी ओसरीवर ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाई, मामाजींले सांगा, पोरीचे हातपाय काड्या झाले. दोन चमचे भुकटी काढून द्या, मंग लावा लाख."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही. पण जन्मभराची सवय. बाहेर तोंड करून त्या म्हणाल्या, "लेकराची तब्येत जराशी नरम आहे म्हणते."

मामाजी म्हणाले, "तिले सांग, नरम आहे तेच बरं आहे. नुकसानी दाखवता येते."

असा संताप आला! ती लाख त्यांच्या मिशांवर ओतावी असं वाटलं मला. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं.

तिसरी फेरी वकिलाकडे. हे वकील मामाजींवरच पोसलेले, त्यामुळे त्यांना कुठलाच दावा कमजोर वाटत नसे. तरी खिळा ऐकून तेही थोडे थबकले. भेसळ म्हणजे कायद्यानं काय, तर दुधात पाणी, तुपात चरबी, पिठात खडू. जे मिसळतं ते. खिळा दुधात मिसळत नाही, तो वेगळा राहतो, तेव्हा भेसळ म्हणावी का नाही यावरच दोन तारखा जातील. विकणाऱ्यानं जाणूनबुजून घातक माल विकला म्हणावं तर डबा बंद, शेठला आत काय आहे ते दिसलं कुठं? शेठ म्हणेल कंपनीला धरा, कंपनी विलायतेत, समन्स बजावायला बोटीनं बेलीफ पाठवायचा आणि समुद्रात पाणबुड्या. राहिला नुकसानीचा दिवाणी दावा. त्याची आधी नोटीस द्यायची.

मामाजी तर नोटिशीवरच खूश. नोटिशीचा मसुदा त्यांनी ओसरीवर वाचून दाखवला. त्यात "आमचे अशिलाचा एकुलता एक नातू व वारस" असं होतं. मी कान टवकारले. नातू? माझ्या मांडीवर तर पोरगी होती, आणि ती काही एका नोटिशीनं बदलणार नव्हती. पंचांपैकी एकानं भीत भीत विचारलं, "पाटील, पोट्टी झाली होती न तुमच्या घरी?"

मामाजी म्हणाले, "वकील साहेब म्हणाले, पोट्टी लिहू नका. समोरचा वकील म्हणन, मेली असती तं लग्नाचा खर्च वाचला असता, नुकसान कायचं?"

दोघं पंच हसले. मामाजीही हसले. वकील तर हुशारच. मी पोरीच्या कानांवर हात ठेवला. तिला काय कळत होतं, पण ठेवला.

नोटीस गेली आणि मामाजी वाट पाहत बसले. त्यांचा अंदाज होता की शेठ उलट नोटीस देईल, मग आपण उत्तराला उत्तर देऊ, असं करत पावसाळा काढता येईल. पण शेठनं त्यांचा घोर अपेक्षाभंग केला. तो स्वतःच आला.

दुपारची गाडी आली, आणि थोड्या वेळानं आमच्या दारात एक गोरटेला, घामाघूम माणूस उभा. काखेत फडक्यात बांधलेलं काही तरी. त्याच्या जिवाला वेगळाच घोर होता. तो डबा त्यानं कंट्रोलच्या भावापेक्षा वर, चोरून विकला होता. खटला झाला तर खिळ्याचं काय व्हायचं ते होवो, पण दुकानात आणखी काय काय गल्ल्याखाली आहे ते सरकार पाहायला आलं असतं. म्हणजे साधू तोही नव्हता. ओसरीवर बसून त्यानं गाठोडं सोडलं आणि मांडीवर ठेवला तस्साच एक डबा. नवा कोरा, बंद, तेच गुटगुटीत पोर.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. कुठून आणला देव जाणे. आपल्या नातवंडांसाठी ठेवलेला असेल, की आणखी एखाद्याला वर भावानं विकायचा असेल. मला त्याचं काय? तो डबा माझ्यापासून आठ-दहा हातांवर होता.

शेठ म्हणाला, "पाटीलसाब, ये डब्बा लो, वो डब्बा मेरेको दे दो. झगडा खतम. दो पंच बैठे हैं, इनके सामने बोल दो कि खिला-विला कुछ नहीं निकला, बस."

मामाजींनी पाय पसरले. "असं कसं? मुद्देमाल देऊन टाकू? मंग दावा कायचा करू?"

"दावा करके क्या मिलेगा? बच्चे को दूध चाहिए न?"

"दूध अलग, दावा अलग," मामाजी म्हणाले. "आज तुमचा डबा घेतला तं कोर्ट म्हणन, राजीनामा झाला. केस पडते."

म्हणजे दूध दारात येऊन बसलं होतं, फुकट, आणि ते घ्यायचं नव्हतं, कारण केस पडते! पोरगी माझ्या खांद्यावर होती. तिनं रडायचंही सोडलं होतं एव्हाना, नुसती ओठ हलवी. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी काय बोलू वो माय?"

बाहेर शेठ आता चिडला होता. नोटीस खिशातून काढून म्हणाला, "खिला निकला, खिला निकला! किसने देखा? आपने देखा?"

"सुनेनं पाहिला."

"तो बुलाओ बहू को. बोले मेरे सामने."

मामाजी अडले. सुनेला ओसरीवर पुरुषांसमोर बोलावणं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. साक्षीदार एकच, आणि ती दाराआड. त्यांनी घसा खाकरला. "ती काय सांगन, ते मीच सांगतो."

मग मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि उंबरा ओलांडला.

कोणी मला सांगितलं तू धीट आहेस, तर ते खरं नाही. पोरगी हातातून पडेल अशी भीती, म्हणून तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. पंचांनी माना खाली घातल्या. मामाजी दुसरीकडेच पाहू लागले, जणू मी नाहीच. मी शेठसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "शेठजी, खिळा नव्हता. डबा द्या."

शेठ माझ्याकडे, मग पोरीकडे पाहत राहिला. त्याच्या हातात नोटीस तशीच होती. हळूच म्हणाला, "इसमें तो लड़का लिखा है."

"पोरगी आहे," मी म्हटलं. "ते बी खोटंच लिहिलं हाय. डबा द्या."

त्यानं डबा दिला. मी तो काखेत घट्ट धरला. आता कोणी माझा हात तोडला असता तरी सुटला नसता.

मामाजी उठले. रागानं त्यांचा फेटा हलत होता. पण राग आला तरी रीत सुटली नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे वळून ते ओरडले, "तिले विचार! खिळा नव्हता तं मंग माझ्या पेटीत काय आहे?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "थांबा आत्याबाई." आणि मामाजींकडे वळले. "मामाजी, मले विचारा न. मी इथंच उभी हाय."

त्यांनी विचारलं नाही. बरं झालं विचारलं नाही, कारण खरं उत्तर दिलं असतं तर शेठनं डबा परत मागितला असता. शेठ चपला शोधत होता. जुना डबा मागायचंही भान त्याला राहिलं नाही, गाडी गाठायला जो निघाला तो वळून न पाहता गेला. पंचांना एकाएकी घरची कामं आठवली.

मी चुलीशी गेले. झाकण काढलं, भुकटी फडक्यातून चाळली, पाणी उकळलं, कालवलं, निववलं. पोरीच्या ओठाला वाटी लावली. पहिले दोन घोट तिला गिळताच येईनात, गालावरून ओघळले. मग गिळले. मग तिनं माझं बोट धरलं, आणि मी तिथंच चुलीपुढं मोठ्यानं रडले, कोणाची लाजलज्जा न ठेवता. सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पाचव्या दिवशी मामाजी फेटा बांधून गोंदियाला गेले. कशाला, ते ह्यांच्याकडून नंतर कळलं. वकिलाला विचारायला गेले होते की घरच्या सुनेनं पंचांसमोर खोटं बोलून केस पाडली तर तिच्यावर काही लावता येतं का! वकील म्हणाले, येतं, का नाही येत? पण तिला कोर्टात आणून तिचा जबाब घ्यावा लागेल, आणि ती तिथं काय काय बोलेल ते तुम्हाला ठाऊक आहे का? मामाजी संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

ओसरीवर मी पोरीला पायांवर घेऊन तेल चोळत होते. ते आले म्हणून मी उठून आत जायला हवं होतं. उठले नाही. ते खांबाशी उभे राहिले. सासूबाई शेतावर होत्या, मधे सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "पेते का आता दूध?"

जमादारानं विचारलं होतं कोणी मेलं का. साहेबानं विचारलं होतं डबा कुठं उघडला. वकिलानं विचारलं होतं पोरगा का पोरगी. एवढ्या खटल्यात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"पेते," मी म्हटलं. "तुम्ही पयल्या दिवशी विचारलं असतं, तं त्याच डब्यातलं पेली असती."